हार्ड डिस्कवर टाकलं म्हणजे बॅकअप झाला?

फोटो एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकले, मग जागा हवी म्हणून कॉम्प्युटरवरून उडवले. बॅकअप घेतला, असं समाधान. हा समज वर्षानुवर्षं फिरतोय आणि त्यात लोकांच्या आयुष्यभराच्या आठवणी जातात, म्हणून स्पष्ट सांगतो: हा बॅकअप नाही. फाइल फक्त घर बदलून गेली, प्रत एकच राहिली.

बॅकअप म्हणजे मूळ फाइल जागेवर असताना ठेवलेली दुसरी प्रत. हार्ड डिस्कच्या आत फिरत्या तबकड्या असतात आणि त्यांच्यापासून केसाहूनही कमी अंतरावर वाचणारं हेड तरंगत असतं. चालू असताना हातातून पडली की सगळं संपू शकतं.

डिस्क कायम जोडून ठेवणंही धोक्याचंच. २०१७ मध्ये पसरलेल्या वॉनाक्राय रॅन्समवेअरने (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम) जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद केल्या होत्या. कॉपी झाली की डिस्क रीतसर इजेक्ट करून काढा.

जाणकार तीन प्रती सांगतात: दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी किंवा क्लाउडवर. आणि अधूनमधून बॅकअपमधली एखादी फाइल उघडून बघा. हे बहुतेक जण कधीच करत नाहीत.