पक्षी बघायच्या फेरीची वेळ दर आठवड्याला का बदलते?

"मागच्या रविवारी तर सातलाच होती!" हे फोनवर इतक्यांदा ऐकलं, की शेवटी हे पत्रक काढलं.

किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचं वेळापत्रक भरती ठरवते. बहुतेक किनाऱ्यांवर ती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. आठवड्यात हा फरक जवळजवळ सहा तासांवर जातो. म्हणजे मागच्या रविवारी सातला भरती असेल, तर या रविवारी सातच्या सुमाराला ओहोटी. जुनीच वेळ धरून आलेल्यांना समोर नुसता चिखल दिसतो आणि पार पाण्याच्या कडेला तीळ सांडल्यासारखे पक्षी. कर्ल्यू सँडपायपर नि डनलिन हे दोन्ही छोटे, सारखे दिसणारे पक्षी; त्यातला कुठला कोणता, हे साध्या दुर्बिणीतून आम्हालाही सांगता येत नाही.

आम्ही पूर्ण भरतीच्या दोनेक तास आधी जागा धरतो. पाणी चढेल तसा चिखल आक्रसतो आणि पक्षी चरत चरत आपल्याकडे सरकतात. आपण मात्र हलायचं नाही. "एकाच जागी बसवून ठेवलं" अशी तक्रार येते. ती आम्ही ऐकून घेतो आणि पुढच्या वेळीही तिथेच बसवतो. विणीसाठी उत्तरेला निघण्याआधी हे पक्षी अंगावर चरबी चढवत असतात. २०२२ मध्ये एक पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर, ११ दिवस न थांबता उडाला, तो अशाच साठ्यावर. जवळच्या फोटोसाठी थवा उडवला, की तो साठा फुकट खर्ची पडतो.

वसंत सरताना गर्दी कमी असते, पण रंग आत्ताच. हिवाळ्यात करडा दिसणारा कर्ल्यू सँडपायपर आता विटेसारखा लाल असतो, ग्रे प्लोव्हरचं पोट काळंभोर. अजून करडाच राहिलेला पक्षी आजारी आहे का, असं हमखास विचारलं जातं. नाही, तो बहुधा गेल्या वर्षीच जन्मलेला असतो, आणि असे बरेच जण पहिल्या उन्हाळ्यात उत्तरेला जातच नाहीत.

स्टँडसकट स्पॉटिंग स्कोप (लांबचं बघायची, एका डोळ्याची मोठी दुर्बीण) आम्ही आणतो, एका स्कोपमागे चारच माणसं. स्वतःची ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण असली तर उत्तम. नवी घ्यायची असेल तर आधी आमच्या वापरून बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पक्षी जास्त जवळ येतात, त्यामुळे त्या फेऱ्या लवकर भरतात.

नेमकी वेळ आदल्या संध्याकाळी कळवतो. उशीर होणार असेल तर फोन करा, थांबायला मात्र सांगू नका.