दाहशामक औषधांमुळे होणारा पक्ष्यांचा मूत्रपिंडविकार

सूज, ताप व वेदना यांवर दिली जाणारी, स्टेरॉइड नसलेली काही औषधे पक्ष्यांच्या पोटात गेली की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, तो हा विकार. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या औषधाने मेलेली गुरे खाणाऱ्या गिधाडांचा झालेला संहार हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. कोकणातही माडांवरची आणि कड्यांवरची बहुतेक गिधाडे दिसेनाशी झाली.

पक्षी माणसासारखी पातळ लघवी करत नाहीत. शरीरातला नत्रयुक्त मळ ते युरिक आम्लाच्या रूपात टाकतात. पडवीच्या पायरीवर कोंबडीच्या विष्ठेत दिसणारा पांढरा भाग तोच. हे आम्ल पाण्यात फारसे विरघळत नाही, त्यामुळे मूत्रपिंडातील नलिकांना ते रक्तातून सतत उपसावे लागते. दाहशामक औषधे प्रोस्टाग्लँडिन या शरीरात सूज आणणाऱ्या द्रव्यांची निर्मिती रोखतात. त्याने सूज उतरते, पण मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळण्याचे कामही याच द्रव्यांकडे असते. शिवाय डायक्लोफिनॅक नलिकांच्या पेशींना थेट इजा करते आणि युरिक आम्लाची वाहतूक अडवते, असेही प्रयोगांत दिसले आहे. यातल्या कशाचा वाटा किती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. परिणाम मात्र एकच. उपसा थांबतो, रक्तात युरिक आम्ल साठते आणि त्याचे स्फटिक अवयवांवर बसू लागतात. मेलेल्या गिधाडाचे पोट उघडले तर हृदय आणि यकृत यांवर चुन्याचा हात फिरवल्यासारखा पांढरा थर दिसतो. औषध पोटात गेल्यापासून दोन-तीन दिवसांत पक्षी मरतो.

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात गिधाडे घटत असल्याचे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९९०च्या दशकात नोंदवले. आधी संशय साथीच्या रोगावर होता. २००४ साली संशोधक लिंडसे ओक्स व सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या गिधाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासलेल्या पक्ष्यांपैकी असा थर असलेल्या २५च्या २५ पक्ष्यांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफिनॅक सापडले, थर नसलेल्या १३ पैकी एकातही नाही. भारतात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात सुमारे ९९.९ टक्क्यांनी घसरली. एवढ्या नाशाला शंभरातले एखादे मढे औषधयुक्त असले तरी पुरते, कारण एका ढोरावर गिधाडांचा थवाच्या थवा उतरतो आणि जोडी वर्षाला एकच अंडे घालते.

पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच झाडावर घरटे बांधते. दापोली तालुक्यातील आंजर्ले येथे ते माडाच्या शेंड्यावर असे. लांब चोचीचे गिधाड सह्याद्रीच्या कड्यांवर राहते. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगावची वसाहत गावकऱ्यांच्या साथीने राखली गेली, तर फणसाड अभयारण्यात गिधाडांसाठी खाद्य ठेवण्याची सोय करण्यात आली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनेही गिधाड संवर्धनाचे काम केले आहे.

दगडी (कासेची सूज) झालेल्या किंवा लंगडणाऱ्या गायीला आराम मिळावा म्हणून गोठ्यात इंजेक्शन दिले जाते. तीच गाय दोन दिवसांत मेली आणि गावाबाहेर टाकली, तर औषध तिच्या मांसातून पक्ष्यापर्यंत पोचते. शेतकऱ्याचा यात दोष नाही. तो आपल्या जनावराचे दुखणेच हलके करत होता.

सर्व पक्ष्यांना ही औषधे सारखी बाधत नाहीत. अमेरिकेतील टर्की गिधाड डायक्लोफिनॅकची बरीच मोठी मात्रा सोसते, आपल्याकडच्या गिधाडांना मात्र थोडीही पुरते. गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर भारताने २००६ मध्ये बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्याने २०१५ मध्ये त्या ३ मिलीलिटरच्या एकमात्रा कुप्यांपुरत्या मर्यादित केल्या. ॲसिक्लोफिनॅक या दुसऱ्या दाहशामकाचे गुरांच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होते. ते आणि केटोप्रोफेन हे आणखी एक दाहशामक यांवरही गुरांसाठी २०२३ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम व टोल्फेनॅमिक आम्ल ही दाहशामके मात्र गिधाडांना सुरक्षित ठरली आहेत. त्यामुळे गिधाडांसाठी ढोर ठेवण्याआधी मालकाला विचारायचा प्रश्न एकच असतो: शेवटचे इंजेक्शन कोणते दिले आणि कधी? उत्तर मिळाले नाही तर ते ढोर पुरावे.