रोबोटिक प्रोस्टेट शस्त्रक्रिया: खरी कसोटी शिवणीची

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, अगदी अडचणीच्या जागी असते. मागे गुदाशय, खाली लघवी रोखून धरणारा स्नायू आणि दोन्ही अंगांना लिंगाच्या ताठरतेच्या नसा. कर्करोगासाठी अख्खी ग्रंथी काढताना हे सगळं शाबूत ठेवायचं असतं. (वयानुसार वाढलेल्या साध्या प्रोस्टेटला बहुतेकदा रोबोट लागत नाही, मूत्रमार्गातून दुर्बीण घालून काम होतं.)

रोबोट आपणहून काहीच कापत नाही. कन्सोलवर (रोबोट चालवायच्या मेजावर) बसलेल्या सर्जनची बोटं हलतात तशी पोटातली सुमारे ८ मिलिमीटर जाडीची हत्यारं हलतात, मनगटासारखी वळतात आणि हाताचा कंप मध्येच गाळला जातो. आतडी बाजूला सरकावीत म्हणून रुग्णाचं डोकं २५ ते ३० अंश खाली ठेवतात आणि पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. या वायूच्या दाबामुळे शिरांतला रक्तस्रावही कमी होतो. काचबिंदू, हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा आजार असेल, तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगायला हवं. या स्थितीत तासन्‌तास राहणं अशा रुग्णांना जड जाऊ शकतं.

नसांना सर्वांत मोठा धोका उष्णतेचा आणि ओढाताणीचा. म्हणून त्यांच्याजवळ विजेचा चटका टाळून क्लिप आणि साधी कात्री वापरतात. मात्र गाठ त्या बाजूला ग्रंथीबाहेर पसरली असेल, तर नस वाचवण्याचा हट्ट धरू नये.

ग्रंथी निघाली की मूत्राशयाचं तोंड आणि मूत्रमार्गाचं टोक यांत फट उरते. टोक आत आक्रसतं. मग सहाय्यक बाहेरून वृषणांमागची जागा दाबून ते वर आणतो. शिवण मागच्या बाजूने सुरू होते. शेपटाला एकत्र बांधलेले दोन धागे डावी-उजवीकडून वर येतात आणि पुढे भेटतात. अनेक यंत्रांत ऊतीचा ताण बोटांना जाणवत नाही, म्हणून सर्जन डोळ्यांनीच तो जोखतो: टाक्याखालची कड पांढुरकी पडली, की धागा जास्त ओढला गेला. शेवटी मूत्राशयात साधारण १५० मिलिलिटर सलाइन भरून गळती तपासतात.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन इथे खुल्या (मोठा छेद घेऊन केलेल्या) आणि रोबोटिक शस्त्रक्रियेची थेट तुलना झाली. २०१६ साली आलेल्या निष्कर्षांत रोबोटने रक्त कमी गेलं, पण १२ आठवड्यांनंतर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत ठळक फरक दिसला नाही. म्हणून यंत्र कोणतं, यापेक्षा सर्जनने अशा किती शस्त्रक्रिया केल्यात हे आधी विचारावं.

लघवीची नळी साधारण आठवडाभर ठेवतात. ती तुंबली किंवा निसटली, तर दुसऱ्या कुणाकडून परस्पर नवी घालून घेऊ नका. ताजी शिवण उसवू शकते. शस्त्रक्रिया केलेल्या पथकालाच कळवा.