कार्बन डायऑक्साइड आणि धातुसंकुले: रेनियमपासून लोखंडापर्यंत

कार्बन डायऑक्साइडला एकच इलेक्ट्रॉन द्यायचा तर उदासीन पाण्यात सुमारे उणे १.९ व्होल्ट विभव लागते. कारण इलेक्ट्रॉन घेताना या सरळ रेषेतल्या रेणूला वाकावे लागते. तेच दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन जोडीने मिळाले, तर उणे ०.५३ व्होल्टलाच त्याचा कार्बन मोनॉक्साइड होऊ शकतो. धातुसंकुलांचा (मध्ये धातूचा अणू, भोवती त्याला जोडलेले रेणू) सगळा खटाटोप ती पहिली महागडी पायरी चुकवण्यासाठी आहे. धातू रेणूला धरतो आणि वाकवतो. इटलीच्या मिकेले आरेस्ता यांनी १९७५ मध्ये निकेलला जोडलेल्या कार्बन डायऑक्साइडची स्फटिकरचना दाखवली. त्यात रेणूचा कोन १८० ऐवजी १३३ अंश भरला.

त्याआधी, १९७४ मध्ये, जपानी संशोधकांनी कोबाल्ट आणि निकेलच्या थॅलोसायनिनने (धातूभोवती मोठे सेंद्रिय कडे असलेल्या संकुलाने) कार्बन डायऑक्साइडचे विद्युत्-क्षपण होते, म्हणजे विजेने त्याला इलेक्ट्रॉन देता येतात, हे नोंदवले होते. खरा जोर आला तो मात्र ऐंशीच्या दशकात, फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला. तिथे जाँ-मारी लेन यांच्या गटाने रेनियम-बायपिरिडीन संकुल (रेनियम धातूला बायपिरिडीन हा सेंद्रिय रेणू जोडलेले) आधी प्रकाशाच्या आणि १९८४ मध्ये विजेच्या साहाय्याने वापरले. विजेच्या प्रयोगात वाहिलेल्या प्रवाहापैकी ९८ टक्के कार्बन मोनॉक्साइड बनवण्यात कामी आला. त्याच शहरात जाँ-पिएर सोवाज यांच्या गटाने निकेल-सायक्लम (नायट्रोजनयुक्त कड्यात बसवलेले निकेल) पुढे आणले. ते पाण्यात चालायचे, पण पाऱ्याच्या इलेक्ट्रोडवर! गंमत म्हणजे या दोघांनाही पुढे नोबेल मिळाले (१९८७ आणि २०१६), आणि दोन्ही वेळा भलत्याच कामासाठी.

रेनियम अतिशय दुर्मीळ. म्हणून २०११ मध्ये ग्रनोबलच्या संशोधकांनी त्याच साच्यात मँगनीज बसवले. पॅरिसला जाँ-मिशेल साव्हेआँ यांनी तर थेट लोखंडच घेतले होते. त्यांचे लोह-पॉर्फिरिन (थॅलोसायनिनसारख्याच कड्यात बसवलेले लोखंड) सुरुवातीला अभिक्रियेच्या थोड्याच फेऱ्यांत खराब व्हायचे; १९९१ मध्ये मॅग्नेशियमचे आयन घातल्यावर ते तग धरू लागले. २०१२ मध्ये पॉर्फिरिनच्या कडेलाच प्रोटॉन देणारे फिनॉलचे गट जोडले आणि वेग कमालीचा वाढला. प्रोटॉन आता दुरून यायचा नव्हता, हाताशीच होता. माझ्या मते या इतिहासातला कळीचा प्रयोग हाच. तोवर धातू कोणता याची चर्चा फार झाली, त्याच्या शेजाऱ्यांची कमी.

थॅलोसायनिनचेही तसेच झाले. २०१९ मध्ये येलच्या संशोधकांनी कोबाल्ट थॅलोसायनिन कार्बन नॅनोनलिकांवर बसवून कार्बन मोनॉक्साइडच्या पुढे, थेट सहा इलेक्ट्रॉनांच्या मिथेनॉलपर्यंत मजल मारली. उत्प्रेरक टिकेना, तेव्हा त्यांनी कोबाल्ट बदलला नाही. भोवतीच्या कड्याला अमिनो गट जोडले.