फ्रान्समधील शैक्षणिक पदव्या आणि अर्हता

फ्रान्समधील शैक्षणिक अर्हता : शालेय शिक्षण संपताना मिळणाऱ्या ‘बाकालोरेआ’पासून ‘दोक्तोरा’पर्यंतच्या प्रमाणपत्रांची, पदव्यांची आणि पदनामांची फ्रेंच व्यवस्था. तिथे पदवी देण्याचा अधिकार मुळात शासनाचा आहे आणि सरकारी विद्यापीठे ती शासनाच्या वतीने देतात. त्यामुळे अभ्यासक्रमाच्या भारदस्त नावावरून किंवा माहितीपत्रकातल्या देखण्या इमारतीवरून काहीच कळत नाही. शासनाने त्या कागदाला कोणता ‘ग्राद’, म्हणजे पदवीस्तर, बहाल केला आहे एवढे आधी तपासावे. बाकीच्या गोष्टी नंतर.

सगळी मोजणी बाकालोरेआपासून होते. बोलताना त्याला नुसते ‘बाक’ म्हणतात. नेपोलियनच्या 17 मार्च 1808 च्या फर्मानाने ही परीक्षा सुरू झाली. विद्यार्थी ती साधारण अठराव्या वर्षी देतात म्हणून आपण तिला बारावी समजतो, पण कायद्याने ती विद्यापीठीय शिक्षणाची पहिली पायरी आहे आणि तिच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्षपद विद्यापीठातल्या प्राध्यापकाकडे असते. सर्वसाधारण, तंत्रविषयक आणि व्यावसायिक असे बाकचे तीन प्रकार आहेत. विज्ञान, अर्थशास्त्र आणि साहित्य अशा जुन्या शाखा 2021 पासून गेल्या; आता विद्यार्थी विशेष विषय निवडतात आणि शेवटी ‘ग्राँ ओराल’ ही तोंडी परीक्षा देतात. इयत्ता उलट्या मोजतात हेही लक्षात ठेवावे : अकराव्या वर्षी मूल ‘सहावी’त जाते, मग पाचवी, चौथी, तिसरी असे करत शेवटच्या ‘तेर्मिनाल’ला पोचते.

पुढचे शिक्षण ‘बाक अधिक इतकी वर्षे’ असे सांगतात. नोकरीच्या जाहिरातीत ‘बाक+5’ लिहिलेले असेल तर पदव्युत्तर पातळीचा उमेदवार हवा आहे. ‘लिसाँस’ म्हणजे बाक+3, ‘मास्तेर’ म्हणजे बाक+5 आणि ‘दोक्तोरा’ म्हणजे बाक+8. हा आराखडा 1998 च्या सॉरबॉन जाहीरनाम्यातून निघाला आणि 2002 पासून लागू झाला. वर्षाला 60 युरोपीय श्रेयांक, म्हणून लिसाँसचे 180 आणि मास्तेरचे आणखी 120. त्याआधीच्या ‘द्यग’, ‘मेत्रीझ’, ‘देआ’ या पदव्या आता फक्त जुन्या लोकांच्या कागदपत्रांत दिसतात. दोन वर्षांचे ‘बेतेएस’ हे बरेचसे आपल्या पदविकेसारखे असते आणि ते बहुधा शाळांमध्येच शिकवले जाते. तंत्रसंस्थांमधल्या दोन वर्षांच्या पदविकेची जागा 2021 पासून तीन वर्षांच्या ‘ब्युत’ने घेतली आहे.

गुण 20 पैकी देतात आणि 10 ला उत्तीर्ण. बारापासून ‘आसे बियाँ’, चौदापासून ‘बियाँ’, सोळापासून ‘त्रे बियाँ’ अशा श्रेण्या आहेत. आपल्याकडे 85 टक्के घेऊन गेलेला विद्यार्थी पहिल्या सत्रात 12 पाहून हबकतो, पण विद्यापीठात 14 म्हणजे खरोखर चांगले गुण आणि 16 क्वचितच कोणाला मिळतात. त्या 12 ला 60 टक्के समजून घरी कळवले तर उगीच रडारड होते. एका विषयातले आठ दुसऱ्यातल्या बाराने भरून निघतात, कारण सरासरी पाहिली जाते. तरीही राहिले तर ‘रात्रापाज’ ही फेरपरीक्षा असते. काही पेपर मागे ठेवून पुढच्या वर्षात जाण्याची सोयही लिसाँसमध्ये असते. तिला ‘आजाक’ म्हणतात, आणि आपल्या एटीकेटीची ती सख्खी बहीण आहे.

विद्यापीठांच्या शेजारी ‘ग्राँद एकोल’, म्हणजे चढाओढीने निवडून प्रवेश देणाऱ्या उच्च शिक्षणसंस्था, हे वेगळेच जग आहे. 1794 साली क्रांतीच्या काळात स्थापन झालेली एकोल पोलितेक्निक आणि एकोल नॉर्माल, 1881 ची व्यवस्थापनशिक्षण देणारी आशेसे ही त्यातली ठळक नावे. इथे जाण्याचा रूढ मार्ग म्हणजे बाकनंतर दोन वर्षे ‘प्रेपा’ या पूर्वतयारीच्या वर्गात रगडून घेणे आणि मग ‘काँकूर’ ही प्रवेशासाठीची चढाओढीची परीक्षा देणे. काँकूरमध्ये किती गुण पडले यापेक्षा कितवा क्रमांक आला याला महत्त्व असते, कारण जागा ठरलेल्या असतात. परदेशी विद्यार्थी मात्र बहुतेकदा स्वतंत्र प्रवेशप्रक्रियेने येतात. अभियांत्रिकीच्या पदवीला 1934 च्या कायद्याचे संरक्षण आहे : ‘दिप्लोमे’ अभियंता हे पदनाम अभियांत्रिकी पदव्यांच्या आयोगाने, म्हणजे ‘सेतेई’ने, मान्य केलेल्या संस्थेलाच देता येते आणि त्यासोबत मास्तेरचा ग्राद येतो. नुसते ‘अभियंता’ म्हणवून घ्यायला तिथे कोणाचीच मनाई नाही, ही त्यातली गंमत.

गोंधळ खरा सुरू होतो तो खासगी संस्थांपाशी. 1875 च्या कायद्याने खासगी उच्च शिक्षणाला मुभा मिळाली, पण 1880 च्या कायद्याने पदव्यांचा मक्ता पुन्हा शासनाकडे घेतला. तेव्हापासून खासगी संस्थेला स्वतःला ‘विद्यापीठ’ म्हणवता येत नाही आणि आपल्या कागदावर लिसाँस किंवा दोक्तोरा छापता येत नाही; पुढे मास्तेरही या यादीत आला. यातून पळवाटा निघाल्या. ‘बॅचलर’ हा इंग्रजी शब्द मोकळा होता, तो उचलला गेला. आणि ‘मास्तेर’ला फ्रेंच लिपीत शेवटी एक जास्तीचे अक्षर आणि डोक्यावर एक स्वरचिन्ह लावून तयार झालेला दुसरा ‘मास्तेर’ बाजारात आला. उच्चार अगदी तोच. फोनवर बोलणाऱ्या दलालाने कोणता म्हटला हे कानाने ओळखता येत नाही, लेखीच मागावे.

हे सगळे अभ्यासक्रम टाकाऊ असतात असे नाही. काही ‘बॅचलर’ना शासनाने लिसाँसचा ग्राद दिलेला आहे. ‘मास्तेर स्पेस्यालिझे’ हे ग्राँद एकोल परिषदेचे स्वतःचे मानांकन असून उद्योगांत त्याला मान आहे, मात्र तो शासकीय ग्राद नव्हे. अनेक खासगी संस्था ‘शासनमान्य पातळी 7’ असे मोठ्या अक्षरांत छापतात. त्याचा अर्थ असा, की ‘फ्राँस कोंपेताँस’ या संस्थेकडच्या व्यावसायिक अर्हतांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्या पदनामाची नोंद मास्तेरच्याच पातळीवर आहे. नोकरीसाठी ते उपयोगी पडते. पण पातळी म्हणजे ग्राद नव्हे, आणि पुढे पीएचडी करायची असेल तर दार तिथेच अडते. भर म्हणजे 2019 मध्ये हे आकडेच उलटले. पूर्वी पातळी एक सर्वांत वरची होती, आता आठ. जुन्या माहितीपत्रकातली ‘पातळी दोन’ म्हणजे आजची सहा.

खात्री करायची तर कागदच वाचावा. सरकारी विद्यापीठाच्या पदवीपत्राला, ज्याला तिथे ‘पार्शमाँ’ म्हणतात, माथ्यावर फ्रेंच प्रजासत्ताकाचे नाव असते. खाली शिक्षण संहितेचा हवाला देणाऱ्या ओळी, मग ज्ञानक्षेत्र, विषय आणि त्यातली शाखा, आणि शेवटी दोन सह्या : एक विद्यापीठाच्या अध्यक्षांची, दुसरी शासनाचे प्रतिनिधी असलेल्या रेक्तरची. ही दुसरी सही नसेल तर ती पदवी शासनाची आहे की संस्थेची, हे विचारायला हवे. सरकारी विद्यापीठेही स्वतःच्या नावाने ‘देयू’ ही विद्यापीठ-पदविका देतात. ती राष्ट्रीय पदवी नसते.

दोक्तोराला मास्तेरचा ग्राद लागतो आणि त्यासाठी साधारण तीन वर्षे धरतात. 2023 पासून प्रबंध मान्य झाल्यावर नवा डॉक्टर संशोधनाच्या सचोटीची शपथ घेतो. वैद्यकातला ‘डॉक्टर’ हा व्यवसायाचा शासकीय दाखला असतो, त्याची या संशोधन-पदवीशी गल्लत करू नये. ‘आग्रेगासियाँ’ तर पदवीच नाही. ती 1766 पासून चालत आलेली, शिक्षकांच्या जागा भरण्याची काँकूर परीक्षा आहे. तरी फ्रेंच माणूस ती आयुष्यभर अभिमानाने सांगतो.

भारतीय पदव्यांना फ्रान्समध्ये आपोआप समकक्षता मिळत नाही. ‘एनिक-नारिक’ हे केंद्र तुलनेचा दाखला देते, पण प्रवेशाचा निर्णय ज्या त्या संस्थेचा. आपली तीन वर्षांची बीए किंवा बीएस्सी लिसाँसच्या जवळ बसते, त्यामुळे मास्तेरच्या पहिल्या वर्षाला अर्ज करता येतो. चार वर्षांच्या बीईवाल्याला काही ठिकाणी थेट दुसरे वर्ष मिळते, पण ते गृहीत धरू नये. शैक्षणिक अर्हतांच्या परस्पर मान्यतेचा करार 10 मार्च 2018 रोजी नवी दिल्लीत झाला. तेव्हा मनुष्यबळ विकास मंत्री पुण्याचे प्रकाश जावडेकर होते. दोन्ही देशांतल्या मान्यताप्राप्त पदव्यांना त्याचा आधार मिळतो. परतल्यावर भारतात पुढच्या प्रवेशासाठी किंवा सरकारी नोकरीसाठी कागद दाखवायचे असतील तर पार्शमाँसोबत श्रेयांकांचा तपशील देणारी ‘पदवीची पुरवणी’ आणि सर्व सत्रांच्या गुणपत्रिका मागून घ्याव्यात. निकालानंतर हाती पडतो तो फक्त उत्तीर्ण झाल्याचा दाखला. मूळ पार्शमाँ यायला काही महिने लागतात आणि तोवर विद्यार्थी बहुधा घरी परतलेला असतो, म्हणून तो कागद कोणाच्या हाती द्यायचा याचे मुखत्यारपत्र फ्रान्स सोडण्यापूर्वीच कार्यालयात देऊन ठेवलेले बरे.