जर्मन भाषेने 'नाही' कसं बदललं

'दोन नकार मिळून होकार' हा बीजगणिताचा नियम अनेक जण भाषेलाही लावतात आणि दुहेरी नकार वापरणाऱ्याला अडाणी ठरवतात. जुन्या जर्मनने हा नियम कधीच पाळला नाही.

इ.स. 800 च्या सुमाराच्या जर्मनमध्ये नकाराला 'नि' एवढं अक्षर पुरायचं आणि ते क्रियापदाच्या आधी यायचं. 'नि सागु' म्हणजे 'मी सांगत नाही'. हा 'नि' आणि संस्कृतमधला 'न' एकाच इंडो-युरोपीय मुळातून आले. त्यावरून 'जर्मन संस्कृतातून जन्मली' असे संदेश फिरवले जातात, ते साफ चूक आहेत. या साम्यातून दोन्ही भाषांची पूर्वज एक होती, इतकंच सिद्ध होतं.

खरी गंमत पुढे आहे. 'नि'वर आघात, म्हणजे उच्चारातला जोर, नसे. तो क्रियापदाला चिकटला आणि झिजत झिजत 'ने', मग नुसता 'एन' झाला. इतका पुसट नकार ऐकणाऱ्याच्या कानातून निसटायचा, म्हणून बोलणारे जोडीला 'निओविख्त' घेऊ लागले. त्याची फोड नि + इओ (कधी) + विख्त (वस्तू), म्हणजे 'कधी काहीसुद्धा नाही'. आपण 'काडीचंही कळत नाही' म्हणतो तेव्हा 'काडी' जे काम करते, तेच हा शब्द करायचा. पण जोर देणारा शब्द रोज वापरला की त्याचा जोर ओसरतो. 'निओविख्त' आखडून 'निख्त' झाला आणि 1200 च्या सुमारास 'इख एनसागे निख्त' हे साधं, बिनजोराचं वाक्य होऊन बसलं. आता क्रियापदाच्या दोन्ही बाजूंना नकार होता आणि अर्थ एकच. मग क्रियापदाआधीचा 'एन' अनावश्यक ठरून गळाला. आजचं वाक्य 'इश झागे निश्त': नकार क्रियापदाच्या नंतर. डॅनिश भाषातज्ज्ञ ओटो येस्पर्सन यांनी 1917 मध्ये हाच क्रम इंग्रजी, फ्रेंच अशा इतर भाषांतही दाखवून दिला.

'वेसोब्रुन प्रार्थना' या नवव्या शतकाच्या आरंभीच्या जर्मन काव्यात 'निविख्त नि वास' असे शब्द येतात: 'काहीच नव्हतं'. नकार दोन, अर्थ निव्वळ नकाराचा. शिवाय इथे 'निविख्त' अजून 'काहीच' या अर्थाचं नाम आहे, नकाराचं अव्यय झालेलं नाही. बव्हेरियाच्या बोलीत आजही 'पैसे नाहीत' म्हणताना 'कोआ' आणि 'नेद' असे दोन नकार सर्रास येतात.

गळालेल्या 'एन'ची एक खूण प्रमाण जर्मनमध्येही उरली आहे. 'एस झाय देन' म्हणजे 'तसं नसेल तर'. मध्ययुगात त्यात 'एन' होता. आज त्या तीन शब्दांत नकाराचं एकही अक्षर नाही, तरी अर्थ नकाराचाच.