रामरक्षा मुखोद्गत, पण सकाळचा नाश्ता आठवत नाही

अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात, अगदी सुरुवातीला, घरच्यांची सगळ्यात मोठी फसगत जुन्या आठवणींमुळे होते. आजोबांना रामरक्षा पहिल्यापासून शेवटपर्यंत येते, १९७२ च्या दुष्काळात गावातल्या कोणत्या विहिरीला पाणी टिकलं होतं तेही ते सांगतात. मग 'यांची स्मरणशक्ती तर आपल्यापेक्षा पक्की आहे' असं म्हणून विषय संपतो. पण सकाळी पोहे खाल्ले की उपमा, काल संध्याकाळी कोण येऊन गेलं, हे त्यांना सांगता येत नाही. 'अहो, तुमची बहीण आली होती ना?' अशी आठवण करून दिली तरी काहीच वर येत नाही.

याचं कारण मेंदूच्या रचनेत आहे. कानाच्या पातळीवर, मेंदूच्या दोन्ही बाजूंना आतल्या अंगाला हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग असतो. आज घडलेली गोष्ट उद्या आठवावी म्हणून तिची पहिली नोंद इथे होते. अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींचा बिघाड साधारणपणे याच भागात आणि त्याला लागून असलेल्या पट्ट्यात सुरू होतो. वर्षानुवर्षं घोकलेलं स्तोत्र किंवा लहानपणच्या आठवणी मेंदूच्या बाहेरच्या थरात दूरवर पसरलेल्या असतात, त्यामुळे त्या बराच काळ शाबूत राहतात. म्हणून शंका आली तर पन्नास वर्षांपूर्वीचं विचारण्यात अर्थ नाही. आजचं आणि कालचं विचारावं.

जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये औगुस्त डेटर या रुग्ण महिलेच्या मेंदूची तपासणी सूक्ष्मदर्शकाखाली केली, तेव्हा त्यांना दोन गोष्टी दिसल्या: पेशींच्या बाहेर साठलेल्या प्रथिनाच्या गुठळ्या आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता. गुठळ्या अमायलॉइडच्या आणि गुंता टाऊ नावाच्या प्रथिनाचा, हे बऱ्याच नंतर कळलं. अमायलॉइड साठायला सुरुवात होते ती पहिलं लक्षण दिसण्याच्या १५ ते २० वर्षं आधी. म्हणजे आपण ज्याला सुरुवातीचं लक्षण म्हणतो, ते आजाराच्या दृष्टीने बरंच उशिराचं असतं. जोखमीचा विचार चाळिशीत करायचा तो यासाठी.

वयाप्रमाणे विसरणं वेगळं. ओळखीच्या माणसाचं नाव ओठावर येतं आणि अडतं, मग तासाभराने आपोआप आठवतं. चष्मा कुठे ठेवला ते कळत नाही, पण 'मघाशी कुठे बसलो होतो' असा माग काढत माणूस तिथवर पोचतो. अल्झायमरमध्ये हा मागच काढता येत नाही. दहा मिनिटांत तोच प्रश्न तिसऱ्यांदा येतो आणि आधी विचारल्याची जाणीव नसते. चष्मा फ्रीजमध्ये किंवा तांदळाच्या डब्यात सापडतो. किती वेळा विसरलं यापेक्षा सूचक शब्द दिल्यावर आठवतं का, हे पाहणं जास्त उपयोगाचं.

दुसरी खूण कामांत दिसते, आणि ती अनेकदा विसरण्याइतकीच लवकर येते. ज्या कामात पायऱ्या असतात ते काम आधी बिघडतं. पुरणपोळीच घ्या. डाळ शिजवायची, कट वेगळा काढायचा, गूळ घालून पुरण आटवायचं, वाटायचं, मधल्या वेळात कणीक तिंबून ठेवायची, शेवटी पोळ्या लाटायच्या. चाळीस वर्षं हे सगळं हातात बसलेली बाई आता मध्येच थांबते, कट काढायचा राहतो, गूळ दोनदा पडतो. आपल्या हातून काहीतरी चुकतंय हे तिला कळतं, म्हणून ती 'आता कंटाळा येतो मला' म्हणत स्वयंपाकच सोडते. पैशांच्या व्यवहारातही हेच होतं. विजेचं बिल दोनदा भरलं जातं, हयातीचा दाखला द्यायचा राहतो, एटीएमचा पिन आठवत नाही, फोनवरच्या भामट्याला ओटीपी दिला जातो.

आपल्या घरांत इथेच उशीर होतो. स्वयंपाक सुनेने आणि बँक मुलाने हातात घेतलेली असते. ही माया असते, पण त्यामुळे चूक उघडी पडेल असं कामच वडीलधाऱ्यांकडे उरत नाही. बसून राहणाऱ्या माणसाचा आजार दोन-तीन वर्षं लपून राहू शकतो. म्हणून तुलना शेजारच्या आजींशी करू नये. हीच व्यक्ती दोन वर्षांपूर्वी काय काय एकटीने करत होती, त्यातलं आज काय सुटलं, ते बघावं.

बाकीच्या खुणा थोडक्यात. बोलताना नेमका शब्द सापडत नाही, 'ते हे', 'ते आपलं' असं भरताड वाढतं. रोजच्या रस्त्यावर एखाद्या वळणाला गोंधळ होतो. पायरीची खोली किंवा खुर्चीचं अंतर चुकतं, आणि चष्म्याचा नंबर तीनदा बदलूनही तक्रार जात नाही, कारण दोष डोळ्यांत नसून मेंदूच्या मागच्या भागात असतो. भजनी मंडळ, भिशी, नातवाचा अभ्यास यांतला रस आटतो. ठेवलेली वस्तू सापडत नाही तेव्हा घरकाम करणाऱ्या बाईवर चोरीचा आळ येतो. हा आळ खरा धरून त्या बाईला कामावरून काढण्याआधी, असे प्रसंग किती वेळा घडले ते मोजावं.

अल्झायमर नसू शकतं तेव्हा

गोंधळ काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक सुरू झाला असेल, माणूस मध्येच सुस्त आणि मध्येच सैरभैर होत असेल, तर तो अल्झायमर समजून वाट पाहू नये. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम घसरणं (रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी हे होतं), अडकलेली लघवी, पक्षाघात, अशी कारणं असतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. काही आठवड्यांपूर्वी डोक्याला मार लागला असेल तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत असू शकतं, आणि ते शस्त्रक्रियेने काढता येतं. आजाराच्या सुरुवातीलाच, समोर नसलेली माणसं किंवा प्राणी दिसणं, वारंवार पडणं, पन्नाशीत स्वभाव पार बदलणं हे स्मृतिभ्रंशाच्या इतर प्रकारांकडे बोट दाखवतं.

महाराष्ट्रात बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता फार आढळते. शाकाहार हे एक कारण, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं घेतलेली मेटफॉर्मिन हे दुसरं, आम्लपित्ताच्या रोजच्या गोळ्या हे तिसरं. ही कमतरता स्मरणशक्ती मंद करते आणि इंजेक्शन-गोळ्यांनी भरून येते. पण इथे एक सावधगिरी हवी. बी-१२ कमी निघालं की 'सापडलं कारण' म्हणून तपास थांबतो. ही कमतरता इतकी सर्रास असते की अल्झायमर असलेल्या माणसातही ती सापडणारच. उपचारानंतर साधारण तीन महिन्यांनी स्मरणशक्ती पुन्हा तपासून घ्यावी. फरक नसेल तर पुढचा शोध घ्यायलाच हवा. थायरॉइड मंदावणं, नैराश्य आणि झोपेत श्वास अडणं हीही याच रांगेतली, उपचार होऊ शकणारी कारणं.

औषधांचा हिशेब तर बहुतेक घरांत कुणी ठेवतच नाही. झोपेसाठी क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम, सर्दी-खाजेसाठी क्लोरफेनिरामीन किंवा हायड्रॉक्सिझिन, लघवीच्या घाईसाठी ऑक्सिब्युटिनिन, नसांच्या दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलीन ही सगळी म्हातारपणी मेंदूवर धुकं आणणारी औषधं आहेत. दोन-तीन एकत्र आली तर विशेषच. मात्र क्लोनाझेपामसारखी गोळी मनाने एकदम बंद करू नये, झटका येऊ शकतो.

डॉक्टरांकडे जाताना

दोन आठवडे वहीत नोंदी करा: तारीख, काय घडलं, आधी हे काम कसं होत होतं. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घाला, दुकानातून आणलेल्याही. चष्मा आणि श्रवणयंत्र बरोबर न्या, कारण प्रश्न ऐकूच आला नाही तर उत्तर चुकणारच. शाळा किती झाली ते सांगा. डॉक्टरांशी पाच मिनिटं वेगळं बोलायची वेळ मागा. आईवडिलांसमोर त्यांच्या चुका मोजणं त्यांना फार लागतं.

पहिली तपासणी कागद-पेन्सिलीची असते. तीन शब्द सांगून काही मिनिटांनी विचारतात. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगतात. सुरुवातीच्या आजारात मोठा काटा दोनवर जाण्याऐवजी दहाच्या आकड्यावर जातो, कारण 'दहा' हा ऐकलेला शब्द हाताला तिकडे ओढतो आणि मिनिटांचं गणित मागे पडतं. स्मरणशक्ती आणि समज तपासणारी ३० गुणांची एमएमएसई चाचणीही सर्रास होते. तिचे गुण शिक्षणावर अवलंबून असतात. निवृत्त प्राध्यापक आजारी असूनही २८ गुण मिळवू शकतात आणि शाळेची पायरी न चढलेली निरोगी आजी २० वर अडकू शकते. हरियाणातल्या बल्लभगढ इथे झालेल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासासाठी निरक्षर लोकांना चालेल अशी हिंदी चाचणी मुद्दाम तयार करावी लागली, ती याचमुळे.

त्यानंतर रक्ताच्या चाचण्या: हिमोग्लोबिन आणि पेशी, साखर, टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२, सोडियम, कॅल्शियम, मूत्रपिंड, यकृत. मग एमआरआय. त्यात हिप्पोकॅम्पस आक्रसलाय का, छोटे पक्षाघात झालेत का, गाठ किंवा साचलेलं रक्त आहे का हे बघतात. पण सुरुवातीला एमआरआय वयाप्रमाणे ठीक येऊ शकतो आणि तेवढ्यावरून आजार नाही असं ठरत नाही. टाऊ प्रथिनाची नवी रक्तचाचणी लक्षणं असलेल्यांच्या निदानासाठी आहे. धडधाकट माणसाने ती कुतूहल म्हणून करू नये.

जोखीम कुणाला

वय ही सगळ्यात मोठी जोखीम. पासष्टीनंतर दर पाच वर्षांनी ती साधारण दुप्पट होते. भारतात साठीच्या पुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना कोणत्या ना कोणत्या प्रकारचा स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे, आणि त्यात स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. एपीओई-४ हे जनुक एका पालकाकडून आलं तर जोखीम दोन-तीन पट वाढते, दोघांकडून आलं तर त्याहून बरीच जास्त. तरीही ते असणं म्हणजे आजार नक्की असं नाही. थेट वारशाने येणारा अल्झायमर एक टक्क्याहून कमी रुग्णांत असतो आणि बहुधा साठीच्या आत दिसतो. डाऊन सिंड्रोम असलेल्यांत तो चाळिशी-पन्नाशीतच सुरू होऊ शकतो.

हातात असलेल्या गोष्टी कमी नाहीत. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये १४ घटक मोजले आणि जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश त्यांच्याशी जोडले. कमी शिक्षण, मधुमेह, धूम्रपान, लठ्ठपणा, मद्य, बैठी सवय, नैराश्य, एकटेपणा, प्रदूषित हवा आणि अंधुक दृष्टी ही त्यांतली नावं. मोतीबिंदू लांबवू नये तो यासाठीही. सर्वांत वरचे दोन घटक म्हणजे मध्यम वयातलं वाढलेलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल आणि कमी ऐकू येणं.

कानाकडे आपण अक्षम्य दुर्लक्ष करतो. ऐकू कमी आलं की मेंदूची शक्ती शब्द ओळखण्यातच खर्च होते, माणूस गप्पांतून बाजूला होतो आणि मेंदूला मिळणारं खाद्य घटतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवरच्या चाचणीत श्रवणयंत्राचा सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही, पण ज्यांची जोखीम मुळात जास्त होती त्यांची बुद्धीची घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी कमी झाली. टीव्हीचा आवाज वाढत चालला असेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्यावी.

रक्तदाबाचा वरचा आकडा चाळिशीपासून १३० च्या आसपास किंवा खाली ठेवावा. दुचाकीवर हेल्मेट घालावं, कारण डोक्याचा मारही या १४ घटकांत आहे. आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल असं चालावं. ब्राह्मी, हळदीच्या गोळ्या किंवा खोबरेल तेल यांनी अल्झायमर टळतो असं चांगल्या चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही.

निदान झालंच तर डोनेपेझिल बहुधा ५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. त्याने आजार थांबत नाही, काही काळ कामकाज थोडं बरं राहतं. मळमळ होऊ शकते आणि नाडी मंदावते, म्हणून आधी ईसीजी काढून घ्यावा. कागदपत्रांना मात्र उशीर करू नये. आपल्याकडे साधं मुखत्यारपत्र माणसाची समज गेल्यावर टिकत नाही. मृत्युपत्र, नॉमिनी, संयुक्त खातं हे सगळं रुग्णाला स्वतःला कळतंय तेव्हाच, त्याच्या इच्छेने करावं. मृत्युपत्राला डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं. खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी. ज्येष्ठांसाठीची सरकारी मदतवाहिनी १४५६७ आहे, आणि सांभाळणाऱ्याचाच धीर सुटत असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.